कानस, जॉब आणि पोट्ट्यांचं वागणं

(तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्तन व स्वास्थ्य'. विषय मोठा, वेळ पाऊण तास, आणि सचिवसाहेबांचं घड्याळाकडे बारीक लक्ष आहे. तेव्हा थेट सुरुवात करतो. आयटीआयच्या आणि अकरावी-बारावी व्होकेशनलच्या पोरांबद्दल आपल्याकडे काय बोललं जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्टँडवर टोळकं दिसलं की 'आयटीआयचे असतील'. लग्नाच्या बैठकीत मुलगा 'फक्त आयटीआय' असतो, आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रात लागला की तोच 'टेक्निशियन' होतो. भर उन्हाळ्यात कूलरची मोटर जळली की हाक मात्र त्यालाच जाते. हसताय तुम्ही, म्हणजे तुमच्याही घरी गेली असेल.

माझं म्हणणं एकच आहे. ही पोरं थिअरीच्या वर्गात एक वागतात आणि वर्कशॉपमध्ये दुसरंच वागतात. हा फरक का पडतो ते नीट पाहिलं तर त्यांच्या वागण्याचं अर्धं कोडं उलगडतं. आपण पाहत नाही, शेरा मारून मोकळे होतो.

ज्यांनी वर्कशॉप आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिटर ट्रेडला पोरगा आला की पहिल्यांदा त्याच्या हातात कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार येतं. लोखंडाच्या पट्टीचा तुकडा वाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. मग तो काढायचा, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी लावायची आणि उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग अजून सपाट झालेला नाही. परत वाइस, परत कानस. तळहाताला फोड येतात, फुटतात, तिथे घट्टे पडतात. पुढे 'टी' फिटिंग येतं. एका तुकड्यात खाच, दुसऱ्याला तिच्या मापाचा टी, आणि दोन्ही एकमेकांत अलगद सरकले पाहिजेत. माप चुकायची मुभा ०.०४ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. थिअरीच्या तासाला जो पोट्टा दहा मिनिटं एका जागी बसत नाही, शिट्ट्या मारतो, पुढच्याच्या बाकाला लाथा घालतो, तो इथे तासन्‌तास मान वर करत नाही. कुणी त्याला गप्प बस म्हणत नाही. उजेडाची ती रेघ त्याला गप्प बसवते. चूक कुठे आहे ते तिच्यात स्वच्छ दिसतं, आणि ती चूक दाखवताना कुणी त्याच्या बापाचा उद्धार करत नाही.

पोराने घडवलेल्या या वस्तूला वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणतात. जॉब पूर्ण होतो. निदेशक, म्हणजे वर्कशॉपचा शिक्षक, मापं घेतो, गुण देतो, वहीत लिहितो. आणि जॉब भंगाराच्या ड्रममध्ये पडतो.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गेली कित्येक वर्षं हे माझ्या मनात सलतं आहे. मी जिथे शिकवत होतो त्या संस्थेत वणीकडचा एक पोरगा होता. वर्गातल्या गैरवर्तनाच्या नोंदींत त्याचं नाव कायम वर. टी फिटिंग मात्र असं केलं होतं की तुकडा सरकवला की आवाजसुद्धा येत नव्हता. मार्क मिळाल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, हा जॉब घरी नेऊ का? मायले दाखवाचा हाये." मी स्टोअरला विचारलं. उत्तर आलं की कच्चा माल सरकारी, जॉब सरकारी, भंगारही सरकारी, त्याचा लिलाव होतो, नोंद असते, देता येणार नाही. स्टोअरकीपरची बाजू मला कळते. लोखंडाला पाय फुटतात आणि किलोकिलोचा हिशेब त्याला द्यावा लागतो. पण त्या पोराचा पुढचा जॉब पाहिला असता तुम्ही! कडा खडबडीत, माप ढिलं, गुण्या लावलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "भंगारातच टाकाचा हाये ना?" त्या वाक्यासाठी त्याला 'उद्धट' असा शेरा मिळाला. तो शेरा अजून त्याच्या कागदात असेल. मंडळी, मला सांगा, यात उद्धट काय होतं? कुणाचं स्वयंपाकघर असं चालेल का, की बाईने पोळी लाटायची, भाजायची आणि चव घेऊन उकिरड्यावर टाकायची? रोज?

आणि हे आपल्या विदर्भात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते, पुढे झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. हातकामातून शिकायचं, आणि ते हातकाम उपयोगाचं असायचं. विद्यार्थ्यांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर तेव्हाही कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. पोरांकडून कमाई करून घ्या, असं मीही म्हणत नाही. त्यांनी घडवलेली वस्तू कुणाच्या तरी वापरात यावी, एवढंच म्हणतो. वर्ध्याला जी चर्चा झाली तिच्यातला हा साधा भाग इथून तास-दोन तासांच्या अंतरावरच्या संस्थांपर्यंत पोचला नाही. दिल्लीचं धोरण पोचलं. १९८६च्या धोरणात होतं की १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे. वळले नाहीत. २०२०च्या धोरणात २०२५ पर्यंत ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख असं आलं. टक्का वाढत गेला, भंगाराचा ड्रम जागचा हलला नाही.

त्याच पोराची दुसरी गोष्ट सांगतो. एका जिल्हा परिषद शाळेचे मोडके लोखंडी बाक दुरुस्तीला आले. वेल्डरची आणि फिटरची पोरं मिळून बसली. तुटलेले पाय जोडायचे, नव्या पट्ट्या बसवायच्या, घासायचं, रंगवायचं. हा पोट्टा दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सर, हे बाक पहिलीच्या वर्गाचे हायेत. लहान्या पोरांचे पाय लोंबकळत असतीन." मी म्हटलं, असतील. तो टेप घेऊन त्या शाळेत गेला. पहिलीच्या पोरांना भिंतीशी ओळीत उभं केलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेऊन कागदावर लिहून आणलं. मग बाकांचे पाय चार इंच कापले. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं, याला मार्कही नव्हते. त्या कामाच्या दिवसांत तो पहिल्या एसटीने यायचा. एका दिवसात तो साधुसंत झाला, असं मी सांगणार नाही. थिअरीला शिट्ट्या चालूच होत्या आणि तंबाखूचा खर्राही सुटला नव्हता. पण त्या दिवसांत त्याची गैरहजेरी नाही, भांडण नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आहे की माणसाला तीन गोष्टी लागतात: निर्णयात थोडा आपला हात, आपल्याला काही नीट जमतं हा अनुभव, आणि आपण कुणाचे तरी आहोत ही खात्री. बाक कापणाऱ्या पोराला तिन्ही एकदम मिळाल्या.

सचिवसाहेबांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. स्वास्थ्याचा भाग अजून बाकीच आहे, तो आता भराभर सांगतो.

खर्रा. नाव काढलं की सभागृहात चुळबुळ होते, आत्ताही झाली. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. आपल्याकडे अकरावीचा पोरगा पानठेल्यावर उभा राहिला की आपण संस्कार काढतो. मी एकाला विचारलं, काहून खातोस? म्हणाला, "भूक मरते, सर." खरं आहे, निकोटिनने भूक दबते. पोरगा सकाळी सहाला घरून निघतो, काळा चहा घेऊन. शाळेतलं मध्यान्ह भोजन आठवीला संपतं. सोळा-सतरा वर्षांचा, हाडं वाढायच्या वयाचा पोरगा दुपारपर्यंत उपाशी हातोडा मारतो. त्याची चिडचिड आपल्याला दिसते, रिकामं पोट दिसत नाही. तंबाखूने कर्करोग होतो हे सगळ्यांना पाठ आहे. सुपारीने तोंड उघडेनासं होतं, हे कमी जणांना माहीत आहे. तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे प्रत्येक निदेशकाने प्रवेशाच्या वेळी पाहावं, त्याला डॉक्टर लागत नाही. जात नसतील तर मात्र पोराला लगेच दवाखान्यात पाठवावं. आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या आयटीआयच्या फाटकासमोरचा पानठेला किती यार्डांवर आहे, ते जाताना पाहा.

झोप. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. रात्री मोबाईल असतोच, पण रात्रपाळीची वीज आली की बापासोबत ओलितालाही जावं लागतं. सकाळी पेंगणाऱ्याला 'ऐतखाऊ' म्हणण्याआधी त्याच्या शेतात वीज किती वाजता येते ते विचारा.

हजेरी. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, नंतर कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, घरातले सगळे हात लागतात. हजेरी ८० टक्के भरली नाही की परीक्षेचा प्रश्न येतो. मग 'पालकांना घेऊन ये'. बाप येतो, त्याची रोजी बुडते, आणि त्याच्यासमोर पोराचा अपमान होतो. कुटुंबाचं नुकसान दुप्पट झालं, सुधारलं काय? वेचणीच्या महिन्यांत प्रॅक्टिकल सलग दिवसांत घेता येतील का, याचा विचार संस्थेच्या पातळीवर व्हायला हवा.

ऊन. आयटीआयचं सत्र मे महिन्यातही चालतं. पत्र्याखाली, बाहेर ४५ अंश असताना, चामड्याचा ॲप्रन घालून वेल्डिंग. भांडणं मला त्याच दिवसांत सगळ्यात जास्त दिसली. काळी काच न लावता वेल्डिंगच्या आर्ककडे, म्हणजे त्या झगझगीत उजेडाकडे पाहिलं की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, तो पोरगा दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि नोंद होते 'विनापरवानगी रजा'.

मुली. इलेक्ट्रिशियनला, वायरमनला आता मुली येतात, उत्तम करतात. पण वर्कशॉपच्या जवळ कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर ती दिवसभर पाणी पीत नाही. मग चक्कर येते आणि म्हणतात, 'नाजूक आहे, झेपत नाही'.

मनाचं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. वीस-बावीसच्या तुकडीत एक किंवा दोन धरा. आपल्या जिल्ह्यांत घरातली आत्महत्या पाहिलेली पोरं वर्गात बसलेली असतात, आणि हे निदेशकाला अनेकदा ठाऊकही नसतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू असतो. तो सुरक्षेच्या सूचनांच्या फलकावर, फ्यूज आणि अर्थिंगच्या शेजारी रंगवा. कार्यालयातल्या नोटीस बोर्डावर नको, तिथे पोरं फक्त शेरा घ्यायला जातात.

चाकणला अप्रेंटिसला जाऊन चार महिन्यांत परत येणाऱ्या पोरांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. दुसरी चिठ्ठी आली.

समोर मला दोन मुख्याध्यापक आणि एक सरपंच दिसताहेत. भाऊ, आणि ताई तुम्हीही, एक काम करा. शाळेतले मोडके बाक, अंगणवाडीचं निखळलेलं फाटक, पाण्याच्या टाकीची गंजलेली शिडी, याची यादी करून आयटीआयच्या प्राचार्यांना द्या. जो कच्चा माल सरावात जातो त्यातला काही या कामात वापरावा, असं त्यात स्पष्ट लिहा. आणि लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगून स्टोअरमधून लोखंड निघत नाही.