कचऱ्याखाली गेलेला रेल्वेमार्ग

(दृश्य: कटिंगमधून, म्हणजे जमीन खोदून काढलेल्या खोल वाटेतून जाणारी वाफेच्या इंजिनाची गाडी. दोन्ही बाजूंना गवताचे उतार.)

दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सची ही ब्लूबेल रेल्वे, स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केलेला जुना मार्ग. गाडी आत्ता इम्बरहॉर्नच्या कटिंगमधून चालली आहे. २००८ साली इथे रूळ दिसला नसता. ईस्ट ग्रिन्स्टेड गावचा घरगुती कचरा या कटिंगमध्ये काठोकाठ भरला होता, वर चिकणमातीचा थर होता आणि त्यावर झुडपं वाढली होती. आधीचं स्टेशन किंग्सकोट ते ईस्ट ग्रिन्स्टेड हे अंतर जेमतेम दोन मैलांचं. गाडी किंग्सकोटला पोचली १९९४ साली, ईस्ट ग्रिन्स्टेडला २०१३ साली. दोन मैलांना एकोणीस वर्षं लागली.

(दृश्य: जुना नकाशा. लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड.)

हा मार्ग १८८२ साली सुरू झाला आणि १९५५ साली बंद करण्यात आला. मॅज बेसेमर या स्थानिक रहिवासी बाईंनी या मार्गाचा मूळ कायदा काढून वाचला. त्यात रोज चार गाड्या सोडण्याचं बंधन होतं. त्यामुळे १९५६ साली गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मग संसदेत ते बंधनच काढून टाकलं गेलं आणि मार्च १९५८ मध्ये मार्ग कायमचा बंद झाला. पुढच्याच वर्षी मार्ग वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली. ७ ऑगस्ट १९६० रोजी स्वयंसेवकांनी दक्षिणेकडच्या शेफील्ड पार्क स्टेशनहून पहिली गाडी सोडली. उत्तरेला पुढच्या हॉर्स्टेड कीन्स स्टेशनात शिरायला तेव्हा परवानगी नव्हती. गाडी अलीकडेच थांबायची, आणि इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायला तिथे दुसरा रूळ नसल्यामुळे दोन्ही टोकांना एकेक इंजिन जोडलेलं असायचं.

उत्तरेकडचे रूळ साठच्या दशकातच उखडले गेले होते. रूळ गेले की जमिनीचे तुकडे पडतात आणि एकेका मालकाशी वेगळी बोलणी करावी लागतात. वेस्ट होथली स्टेशनची जागा १९७५ साली विकत घेतली, सार्वजनिक चौकशीनंतर विस्ताराला मंजुरी मिळाली ती १९८५ साली. शार्पथोर्नचा बोगदा पार करून गाडी किंग्सकोटला आली, आणि पुढे कचरा होता.

(दृश्य: एक्स्कॅव्हेटरची बकेट. काळपट ढिगातून लोंबणारं प्लास्टिक.)

त्या कचऱ्यावरच रूळ का टाकले नाहीत? कारण घरगुती कचरा कुजत राहतो आणि जागोजागी कमी-जास्त खचतो. रुळाची एक बाजू थोडी जरी खाली गेली, तरी डबा एका अंगाला कलतो. आतून मिथेन वायू सुटतो, काळं पाणी झिरपतं. म्हणून आधी नमुने तपासावे लागतात. स्वच्छ माती, साधा कचरा, घातक कचरा, प्रत्येकाचा दर वेगळा. पैसे टनावर मोजायचे असतात आणि ओला कचरा जड भरतो. पावसात खोदाई केली की कामाचा वेग मंदावतो आणि वर पाण्याच्या वजनाचेही पैसे जातात.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण कराची होती. ब्रिटनमध्ये कचरा डेपोत टाकायचा तर लँडफिल कर लागतो. दूषित जमीन साफ करणाऱ्यांना त्यातून सूट होती, पण ती ३१ मार्च २०१२ रोजी संपणार होती. १ एप्रिलपासून पूर्ण दर टनाला ६४ पौंड होणार होता. म्हणजे सूट नसेल तर हजार टनांवर नुसता कर ६४ हजार पौंड. देणगीदार दहा-दहा पौंड देत असतील, तर तेवढ्यासाठी ६,४०० माणसं लागली असती. त्यामुळे निधी जमवण्याला कॅलेंडरची घाई होती. पैसे उशिरा आले असते, तर तेवढ्याच पैशांत कितीतरी कमी कचरा निघाला असता.

(दृश्य: दहा पौंडांची नोट. स्टेशनावरची देणगीपेटी.)

इंजिनासाठी लोक आनंदाने पैसे देतात. त्याला नाव असतं, शिट्टी असते, फोटो काढता येतो. कचरा उचलायला कोण पैसे देणार? स्वयंसेवकांनी मागणीच लहान केली: ‘टेनर फॉर द टिप’, म्हणजे कचऱ्याच्या ढिगासाठी दहाची एक नोट. देणगीदार आयकर भरणारा असेल आणि त्याने ‘गिफ्ट एड’चं घोषणापत्र भरून दिलं, तर धर्मादाय ट्रस्टला सरकारकडून पौंडामागे २५ पेन्स परत मिळतात. दहाचे साडेबारा होतात. घोषणापत्र भरायचं राहिलं, तर अडीच पौंड गेले. म्हणून पेटीशेजारी फॉर्म आणि पेन ठेवणं हेही निधी जमवण्याचंच काम. आमच्या मते या मोहिमेतून शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे: आकडा माणसाच्या खिशात मावेल एवढा केला.

(दृश्य: इम्बरहॉर्नचा दहा कमानींचा पूल.)

आधी ईस्ट ग्रिन्स्टेडकडून या पुलावरून रूळ टाकून घेतले. २०१० पासून त्याच रुळांवरून मालगाड्यांनी कचरा बाहेर नेला. हजार टन म्हणजे वीस टनांचे पन्नास ट्रक. एवढी वाहतूक गावच्या रस्त्यांवर कुणाला नको होती. पैसा मोजका, त्यामुळे सगळा कचरा काढला नाही. मार्ग सुरक्षित जाईल एवढीच वाट मोकळी केली.

(दृश्य: रुळाजवळून. ओतीव लोखंडी चेअर, तिच्यात ठोकलेली लाकडी चावी.)

ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत रूळ स्लीपरवर थेट बसत नाही. तो चेअरमध्ये, म्हणजे स्लीपरवर बसवलेल्या लोखंडी खोबणीत उभा असतो आणि बाजूने ठोकलेली लाकडी चावी त्याला घट्ट धरते. साठ फुटी रुळाला साधारण चोवीस स्लीपर, म्हणजे दोन मैलांना चार हजारांवर. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चाव्या ढिल्या होतात, काही निसटून खडीत पडतात. आपल्याकडे कीमन हातोडा घेऊन रोज रुळावरून चालतो, तसंच इथेही कुणाला तरी चालत जाऊन त्या पुन्हा ठोकाव्या लागतात.

मार्च २०१३ मध्ये रूळ जोडले गेले. २३ मार्चपासून प्रवासी गाड्या सुरू झाल्या. शेफील्ड पार्क ते ईस्ट ग्रिन्स्टेड, अकरा मैल. लंडनहून विजेच्या गाडीने आलेला प्रवासी ईस्ट ग्रिन्स्टेडला उतरतो, थोडं चालत शेजारच्या फलाटावर येतो आणि वाफेच्या गाडीत बसतो. पूल ओलांडला की कटिंग लागते.

(दृश्य: डब्याच्या खिडकीतून मागे सरकणारे हिरवे उतार. फक्त चाकांचा आवाज.)