लाल मातीचा मान

ही कुस्तीच्या तालमीतली माती बघा. कुठल्याही शेतातली उचलून आणून टाकली असं नाही हं. आधी चाळून घेतात, कारण एखादा खडा राहिला तर पाठ सोललीच, मग तिच्यात काव, हळद, तेल, ताक, लिंबाचा रस असं सगळं पडतं आणि ते हातापायांनी एकजीव करत बसायचं. आणि हा जो फावडं मारतोय ना, तो हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची मातीची जागा, उकरतोय. रोज पहाटे उकरावा लागतो, नाहीतर माती घट्ट बसते आणि पडणाऱ्याचं हाड मोडतं. नवीन पोरगा आला की वस्ताद डाव नंतर शिकवतात, आधी फावडं हातात देतात. त्यातच खांदे आणि कंबर तयार होते. मग जोर, बैठका, मग लढत. उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावला, बघितलंत? चपला मात्र दाराबाहेर, मग कितीही मोठा साहेब येऊ दे.

हा जत्रेतल्या कुस्त्यांचा फड. हलगी ऐका. सुरुवातीला बारकी पोरं, रेवड्यांवरच्या कुस्त्या, म्हणजे जिंकणाऱ्याला रेवड्याच मिळतात, मग इनाम चढत जातं. पैलवान हात वर करून फेरी मारतो, म्हणजे आहे का कोण जोडीला? इथं कोण कुणाची जात विचारत नाही असं सगळेच सांगतात, थोडं खरं, थोडं आपलं बोलायचं. पण तो बघा, एकचाक डाव टाकला, चीतपट! आता फेटा बांधायला आणि खिशातली नोट काढायला अख्खं गाव पुढं.

कोल्हापूरचं हे खासबाग मैदान. शाहू महाराज 1902 ला युरोपला गेले होते, रोमचं जुनं मैदान बघून आले आणि तसंच आपल्या पैलवानांसाठी बांधायचं त्यांनी मनावर घेतलं. 1912 ला हे उभं राहिलं. मध्ये हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. राजा बसला होता तिथूनही आणि शेतकरी बसला होता तिथूनही.

हा फोटो पैलवान खाशाबा जाधवांचा. कराडजवळचं गोळेश्वर त्यांचं गाव. 1948 ला लंडन ऑलिम्पिकला सहावे आले. पुढच्या ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. 1952, हेलसिंकी, ब्रॉन्झ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि दुसरं यायला 1996 उजाडलं. स्वागताला बैलगाड्यांची ही लांबच लांब मिरवणूक निघाली. पुढं पोलिसात नोकरी केली, 1984 ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

आता ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर असते, सहा मिनिटांची, पॉइंटवर. मातीतल्या पोरांना तिकडं जुळवून घ्यायला वेळ लागतो, काहींचा गुडघा जातो, काहींना नोकरी लागते, बरेच गावी परततात.

आमचं म्हणणं एवढंच, की जत्रा कमिटीनं शेवटच्या कुस्तीच्या इनामातला थोडा भाग तालमीसाठी बाजूला काढावा. हळद, तेल, ताक फुकट येत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या रेवड्यांच्या कुस्तीला पोरं याच हौद्यातून यायची आहेत.