खेळाच्या पानाआडून

अध्यक्षांनी माझी ओळख 'फॅसिझमवाले सर' अशी करून दिली, तेव्हा पहिल्या रांगेतले काका दचकून सावरून बसले. काका, मी फक्त अभ्यास करतो हो! (हशा)

विषय नाझींच्या मुखपत्राचा, पण सुरुवात माझ्या आजोबांपासून. आजोबा वर्तमानपत्र मागून वाचत. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव. अग्रलेख कधीच नाही. म्हणायचे, "लिहिणाऱ्याला पगार आहे, मला वाचायचं कोण देतंय?" पुढे त्या जिल्हापत्राचे मालक बदलले. नाव सांगत नाही, सभागृहात वर्गणीदार असतील. अग्रलेखाने चक्क कोलांटउडी मारली. आजोबांना आठ महिने पत्ता नाही! कांद्याचा भाव चुकला त्या दिवशी मात्र संपादकाला पोस्टकार्ड गेलं. आजी म्हणाली, "आता कळलं होय पेपर बदललाय?"

माझं म्हणणं एवढंच आहे की पेपर विकत घेणारा आधी वाचकाची सवय विकत घेतो.

म्यूनिकला नेमकं हेच झालं. 'म्युंशनर बेओबाख्टर' १८८७ साली निघालं ते उपनगरातलं किरकोळ पत्र म्हणून. म्युंशनर म्हणजे म्यूनिकचा, बेओबाख्टर म्हणजे निरीक्षक. १९१८ मध्ये ते झेबोटेनडॉर्फने घेतलं. हा मूळचा ग्लाउअर, 'फॉन झेबोटेनडॉर्फ' ही बिरुदावली मागाहून चिकटलेली. थुले सोसायटी नावाच्या ज्यूद्वेष्ट्या मंडळाचा हा म्होरक्या. त्याने पहिलं काम काय केलं? पेपरात खेळ घातला! मथळ्यातच 'क्रीडापत्र' आलं. पोरं सामन्यांसाठी अंक घ्यायची, नि शेजारच्या पानावर विष. आपल्याकडे 'केसरी'त विसाच्या दशकात मुसोलिनीचं कौतुक छापून आलं, हिंदू महासभेचे डॉ. मुंजे १९३१ साली त्याला भेटूनही आले. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, आयोजकांनी बोलावलं तर.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य भाग धावत.

डिसेंबर १९२० मध्ये नाझी पक्षाने पेपर १,२०,००० मार्कांना घेतला, त्यातले निम्मे जनरल एपमार्फत लष्कराच्या निधीतून आले. तोवर नाव 'फेल्किशर बेओबाख्टर' झालं होतं; फेल्किशर म्हणजे वंशवादी अर्थाने 'राष्ट्रीय'. म्हणजे म्यूनिक गेलं, पण निरीक्षक ठेवला, हे लक्षात घ्या. फेब्रुवारी १९२३ पासून दैनिक, मग पक्षाचा विचारवंत रोझेनबर्ग संपादक. नोव्हेंबरात हिटलरचं बंड फसलं, पेपरवर बंदी आली, १९२५ ला पुन्हा सुरू. युद्धात खप दहा लाखांपलीकडे. पण तोवर स्पर्धक उरला होता कुठे? हिटलरच्या मागे हात धुऊन लागलेल्या 'म्युंशनर पोस्ट'ची कचेरी ९ मार्च १९३३ ला फोडली. त्याच दिवशी नाझीविरोधी साप्ताहिकवाल्या फ्रिट्झ गेर्लिखला त्याच्या कचेरीतून उचललं, आणि १९३४ च्या ३० जूनच्या रात्री डाखाऊच्या छळछावणीत मारलं.

गेर्लिखच्या चष्म्याची गोष्ट राहिली. घंटा वाजली, चहाच्या वेळी सांगतो.