डोंगर लाव्ह्याचा, शहर खाडीच्या गाळावर

(दृश्य : पारसिक डोंगराचा कापलेला कडा)

मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेला हा पारसिक डोंगर. एकावर एक बसलेले काळ्या दगडाचे हे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. शंकूसारखा ज्वालामुखी मात्र इथे शोधू नका. दख्खनचा बहुतेक लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला. त्यात सिलिका (वाळूत असतं ते खनिज द्रव्य) कमी, म्हणून तो पातळ आणि दूरवर वाहणारा. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो, वायू आत कोंडतो आणि मग स्फोट होतो.

फोडलेला तुकडा जवळून पाहा. ही बारीक भोकं थराच्या माथ्याकडची, वायूच्या बुडबुड्यांची. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी ती भरली; पांढरे दिसतात ते झिओलाइट. थराच्या पोटातला दगड मात्र अखंड. क्रशरवाल्याला खडीसाठी हवा असतो तो हाच.

मग पायाखाली आजही लाव्ह्याचा समुद्र आहे का? नाही. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत घनच आहे. द्रव आहे तो त्याखालचा बाह्य गाभा. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत आणि तिथे त्या अडतात, त्यावरून हे कळलं.

याच लहरींवरून भूकंपाचं अंतरही काढता येतं. आधी पोहोचते भूकंपाचीच दुसरी, वेगवान पी लहर; मागून एस. दोघींतले सेकंद मोजा, आठाने गुणा. साधारण तितके किलोमीटर. कोयना इथून सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे फरक अंदाजे २५ सेकंदांचा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६ रिश्टरच्या वरचा होता.

आयएस १८९३, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक; त्याच्या २०१६ च्या नकाशात ठाणे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्यात. पण सगळी जमीन सारखी हलत नाही. कातळावर हादरा लवकर ओसरतो. वाशीसारख्या भरावाच्या भागात खालच्या मऊ गाळात लहरींचा वेग घटतो आणि झोका वाढतो.

त्यात इमारतीखालचं, कॉलमवर उभं मोकळं स्टिल्ट पार्किंग. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार असतो, खाली नुसते कॉलम. सगळा ताण तिथे एकवटतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आधी हेच कॉलम तपासायला सांगा : तडे, सळईचा गंज, सळयांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर. तपासणीआधीच गिलावा करून रंग मारलात, तर यातलं काहीच वरून दिसणार नाही.