नजरेचा आडपडदा

जर्मनीतल्या सॉनाचा, म्हणजे घाम काढायला बसायच्या तापवलेल्या लाकडी खोलीचा, एक नियम अगदी साधा आहे: घामाचा थेंब लाकडी बाकावर पडता कामा नये. बाया-माणसं एकत्र बसलेली असतात, अंगावर चिंधीही नसते. टॉवेल अंगाखाली अंथरायचा, पावलंसुद्धा त्याच्यावरच टेकवायची. पोहण्याचा पोशाख घालून आलेल्यालाच बहुतेक ठिकाणी परत पाठवतात.

पहिल्यांदा आत येणाऱ्याचे हात आपोआप पुढे येतात. नजर कुठे ठेवावी, उमगत नाही. तो तापलेल्या दगडांकडे बघतो, मग भिंतीवरच्या वाळूच्या घड्याळाकडे. वाळू अर्धी खाली येईपर्यंत त्याला कळून चुकतं, की आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही. शेजारी पोट सुटलेले आजोबा, पलीकडे ऑपरेशनचा लांब व्रण असलेली बाई. जाहिरातींत कधी न दिसणारी ही शरीरं. हळूहळू खांदे सैल पडतात.

लाज इथेही आहे, आणि चांगली कडक आहे. टक लावून बघणाऱ्याला ती वाटायला हवी, एवढंच.

सभ्यतेची रेघ अशी सारखी सरकत आलीय. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांत स्त्री-पुरुष एकत्र आंघोळ करत. १८६८नंतर मेईजी सम्राटाच्या नव्या सरकारनं त्यावर बंदी आणली, पाश्चात्त्यांपुढे आपण मागास दिसू नये म्हणून. परक्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघितलं, की पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही अशी ओशाळते. अमेरिकेत १९३०च्या दशकात उघड्या छातीनं पोहणाऱ्या पुरुषांना पोलीस पकडत. पूर्व जर्मनीनं १९५४मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर विवस्त्र पोहायला मनाई केली. लोक बधले नाहीत, दोन वर्षांत सरकारच नमलं. आणि २०२३मध्ये एका महिलेच्या तक्रारीनंतर बर्लिनच्या जलतरण तलावांनी बायकांनाही उघड्या छातीनं पोहण्याची मुभा दिली.

रस्त्यात मुद्दाम समोर येऊन कपडे उतरवणाऱ्याला मात्र यातलं काहीही लागू होत नाही. सॉनात शिरणारा स्वतःच्या मर्जीनं आत येतो. रस्त्यावरच्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे.

आता नवी धास्ती आहे ती मोबाइलची. डोळ्यांनी पाहिलेलं पुसट होत जातं, फोटो मात्र राहतो, हातोहात फिरतो. म्हणून सॉनाच्या दाराबाहेर हा क्रम ठरलेला: फोन लॉकरमध्ये, किल्ली मनगटावर, आणि मगच कपड्यांना हात.