स्टेजवरचा उजेड रंगवायचा नसतो, सोडायचा असतो

नमस्कार मंडळी! चार्ल्स डेमथ या चित्रकाराचं 'नाना' मालिकेतलं थिएटरचं चित्र दाखवलं तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "ताई, नाटकातला तो उजेड कुठल्या रंगाने दिला?" म्हणून आज तेवढंच.

आधी चित्राचं भरभर सांगते. डेमथ अमेरिकेतला, लँकेस्टरचा, जन्म १८८३. एमिल झोलाची 'नाना' ही फ्रेंच कादंबरी १८८०ची. आपल्याकडे नाना म्हणजे पुरुष, इथे ती नटी आहे. धड गाता येत नाही, तरी पहिल्याच प्रवेशात पॅरिसचं अख्खं थिएटर खिशात घालते! त्यावर डेमथने १९१६च्या सुमारास जलरंगांची मालिकाच केली, कुणी काम दिलेलं नसताना. कादंबरीतला काउंट म्युफा तिला थिएटरात पहिल्यांदा पाहतो, तो प्रसंगही त्यात आहे. कागद, पेन्सिल, रंग, एवढंच सामान. पेन्सिलीची रेघ त्याने लपवली नाही, रंग रेघेबाहेर गेला तरी जाऊ दिला.

आता उजेड. तो कोरा कागद आहे. पांढरा रंग नाही.

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोस्टर कलर भरत मोठे झालो, त्यामुळे शेवटी पांढऱ्याचे ठिपके दिल्याशिवाय हात थांबत नाही. कृपा करून थांबवा! जलरंगात उजेड कागदातून वर येतो. पांढरा थापलात की ती खिडकीच बंद झाली.

आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाचा प्रयोग बघताना आठवा. अंधार केल्यावरच स्पॉट दिसतो ना? मग प्रेक्षागृहाचा काळोख आधी रंगवा, नटीची जागा तशीच राहू द्या. मी तिथे मांडीवर वही घेऊन बसते, तेव्हा नटाला हातच लावत नाही. त्याच्या भोवतीचा अंधार काढते, नट आपोआप उरतो.

"पण चुकून रंग गेला तर?" टिपकागद. डेमथही ओला रंग टिपून घ्यायचा, म्हणून त्याच्या रंगात ते डागडाग, धुरकट पोत दिसतात. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, ओला आहे, वरची चकाकी नुकतीच मरतेय, त्या क्षणी दाबायचा आणि सरळ उचलायचा. घासायचा नाही. आणि इथेच आपलं सोलापूर आडवं येतं. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून "दोन मिनिटं थांबा" करू नका. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दोन मिनिटांत कागद खडखडीत वाळतो. पहाटे बसा, पंखा बंद ठेवा, कागद मागून ओला करून घ्या आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग रंगवा.

एका स्पर्धेत माझ्या चित्रामागे "अपूर्ण, पार्श्वभूमी भरावी" असा शेरा आला होता. नटीभोवतीचा कोरा कागद परीक्षकांना राहून गेलेला वाटला. तो मी मुद्दाम राखला होता, पाऊण तास जीव मुठीत धरून. मला आजही तो शेरा पटत नाही. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या जिल्ह्याचे म्हणून अभिमानाने सांगतो ना आपण? मग त्यांच्याच जिल्ह्यात चित्रातल्या कोऱ्या जागेला इतकं काय घाबरायचं?

एकीने विचारलंय, टिपकागद मिळत नाही, काय करू? जुन्या धुवट सुती धोतराचा तुकडा घ्या. चादरीचा नको, तिची वीण कागदावर उमटते.