फ्रीजमधला वायू, अंजनेरीची गिधाडे आणि गोदावरीचे नाले

श्रोतेहो, नमस्कार.

१६ सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळला जातो. पर्यावरणाच्या नावाने साजरे होणारे बहुतेक दिवस चिंतेचे असतात. या एका दिवशी मात्र समाधान मानायला जागा आहे. फ्रीज, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन नावाची रसायने वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोन नष्ट करू शकतात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार ब्रिटिश संशोधकांनी जगापुढे मांडले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९८७ साली, ही रसायने टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातील प्रत्येक देशाने त्याला मान्यता दिली. विकसनशील देशांना कारखाने बदलता यावेत म्हणून स्वतंत्र निधी उभारला गेला आणि भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आज तो थर हळूहळू भरून येत आहे.

या साऱ्या काळात तुम्हाआम्हाला फ्रीज वापरणे सोडा, असे कोणी सांगितले नाही. फ्रीजमधला वायू बदलला. नेमके कारण सापडले, ते दूर करता येईल असा पर्याय मिळाला आणि तो सर्वांना बंधनकारक झाला, म्हणून हे घडले. ‘पर्यावरण वाचवा’ अशा आवाहनांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही, त्याचे कारण हेच आहे.

याच जातीची दुसरी कथा आपल्या नाशिक जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येते. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरील अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. १९९०च्या दशकात भारतभर गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रोगाची साथ असावी, कीटकनाशके असावीत, असे अनेक तर्क झाले. अखेर २००४ मध्ये उलगडा झाला, तो गुराढोरांना वेदनाशामक म्हणून टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे विषारी असले, तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढे पुरे होते.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध पर्याय म्हणून पुढे आले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलीटरपुरती मर्यादित करावी लागली. कायदा झाला म्हणजे काम संपले असे नसते, पळवाट कुठे आहे हे शोधत राहावे लागते. एक जात नष्ट होणार की तगणार, हे कधीकधी बाटली किती मोठी आहे यावर ठरते.

आता याच कसोटीवर आपली गोदावरी घासून पाहू. ब्रह्मगिरीला उगम पावणाऱ्या, सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाणाऱ्या या नदीला नाशिक हे वाटेतले पहिले मोठे शहर लागते. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या शहरातून सांडपाणी घेऊन तिला मिळतात, शिवाय ठिकठिकाणी नाले उतरतात. त्या पाण्यातील नत्र आणि स्फुरद हे पाणवेलींचे खतच. अनुकूल हवेत पाणवेल पंधरवड्यात दुप्पट पसरू शकते. खाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. यंत्रे लावून पाणवेली काढल्या जातात, छायाचित्रे छापून येतात आणि खत तसेच येत राहते म्हणून वेलही परत येते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे मलशुद्धीकरण केंद्रे आहेत. प्रश्न इतकाच की, किती सांडपाणी तिथवर पोहोचते, किती परस्पर नदीत जाते आणि बाहेर पडणारे पाणी कोणत्या प्रतीचे असते. हे पाणी पुढे निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला साठते, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तिथे उतरणाऱ्या परदेशी पक्ष्यांचे आपल्याला मोठे कौतुक असते, पण त्यांना पाणी आपण पाठवतो.

मोजणी झाली की माणसे बदलतात, याचा दाखला आपल्या द्राक्षबागांत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा उर्वरित अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. आज निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी असते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि कोणती फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची, हे शेतकरी तोंडपाठ सांगतो. शेतकऱ्याला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मात्र आपल्या घरात येणाऱ्या द्राक्षाची तपासणी तितक्या काटेकोरपणे होत नाही, ही गोष्ट खटकते.

हवामानबदलाचे कोडे याहून अवघड आहे, हे मान्यच केले पाहिजे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. इथे दोषी एक औषध किंवा एक वायू बनवणारे मोजके कारखाने नाहीत; वीज, वाहने, सिमेंट, खते, सारेच त्यात आले. तापमान एक अंशाने वाढले, की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस आला, की द्राक्षांवर डाउनी हा बुरशीजन्य रोग येतो, घड कुजतात. त्यावर उपाय म्हणून बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन येऊ लागले आहे. पीक वाचते, हे खरे. फाटलेल्या आच्छादनाचे काय करायचे, हे कोणी ठरवलेले नाही.

तरी पर्याय इथेही वाढत आहेत आणि ते टिकतात तेव्हा बहुधा निराळ्याच कारणाने टिकतात. एकलहऱ्याचे वीजकेंद्र कोळशावर चालते; त्याच जिल्ह्यात सौर कृषिपंप घेणारा शेतकरी कार्बनचा विचार करून तो घेत नाही. रात्रीच्या विजेवर, बिबट्याच्या भीतीत, बॅटरी हातात धरून पाणी भरायला जाणे टळते, म्हणून घेतो. धोरण आखणाऱ्यांनी हा लाभ आधी सांगावा, पृथ्वीचे भले मागाहून सांगितले तरी चालेल.

येत्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते, निवारे यांची कामे होतील. नागरिकांनी त्यासोबत एक साधी मागणी लावून धरावी: गोदावरीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या मुखाशी आणि प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पाण्याची नियमित तपासणी व्हावी, तिचे आकडे प्रभागवार जाहीर व्हावेत आणि ही तपासणी धरणातून पाणी सोडलेले नसताना, चैत्र-वैशाखातही व्हावी. पुराच्या पाण्याचा नमुना घेऊन नदी स्वच्छ असल्याचा दाखला देणे फार सोपे असते.